राजीखुशीने

दुभाषी आहे म्हटलं की लोकांना वाटतं, बाई काहीतरी मोठं काम करते. काही मोठं नाही हो. इथे नेपरव्हिलमध्ये कुणाच्या सासूला डॉक्टरकडे जायचं असलं, कुणाच्या वडिलांना बँकेत काही विचारायचं असलं की मला फोन येतो, "शुभाताई, तुम्ही याल का बरोबर?" पोरांचं इंग्लिश माझ्यापेक्षा फर्डं असतं, पण आईच्या दुखण्याबद्दल परक्या माणसाशी बोलायची वेळ आली की त्यांची जीभ अडखळते. मग मी. मी नागपूरची, तोंडाची फटकळ, कुणाचं ऐकून घेत नाही. पण दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे नेताना त्यात पदरचा एक शब्द घालत नाही की त्यातला एक शब्द गाळत नाही. हा माझा नियम, आणि खरं सांगायचं तर माझा माजही. गेल्या जानेवारीत तो माज पणाला लागला.

आमच्या कोपऱ्यावर देवदत्त राहतो. रोज ट्रेनने शिकागोला जातो, बायको चैत्राली घरूनच काम करते, त्यांना एक लहान मुलगी आहे, अनिका. त्याची आई अक्काताई. सगळे त्यांना अक्काच म्हणतात. त्या सांगली जिल्ह्यातल्या, विट्याकडच्या. तिकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सराफांकडचं जुनं, तुटकं सोनं घ्यायचं, भट्टीत आणि तेजाबात घालून शुद्ध करून द्यायचं. अक्कांचे मिस्टर या धंद्यापायी केरळात, त्रिशूरला गेले. लग्न होऊन अक्का तिथे गेल्या, त्या आयुष्यभर तिथेच राहिल्या. त्यामुळे बोलणं विट्याचं, भाजीला फोडणी खोबरेल तेलाची, आणि 'हो' म्हणायचं असलं की मान अशी डोलवतात की समोरच्याला 'नाही' वाटावं.

आणि अक्का कम्युनिस्ट. म्हणजे उगाच चहा पिता पिता जगाची चिंता करणाऱ्या नव्हेत, चांगल्या तीस वर्षं लाल बावट्याच्या सभासद, आपल्या भागातल्या शाखेच्या सेक्रेटरी. हे चैत्रालीने मला सांगितलं तेव्हा अक्का माझ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उपासाचे शेंगदाणे खात बसल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, एकादशी आणि पार्टी, हे जमतं कसं?" तर म्हणाल्या, "विठोबानं कधी वर्गणी मागितली न्हाई, पार्टीनं कधी उपास मागितला न्हाई. दोघांचं माझ्याशी बरं हाय."

मला ही बाई तिथेच आवडली.

आता प्रश्न असा होता की अक्का इथे नातीच्या वाढदिवसाला म्हणून आल्या होत्या आणि देवदत्तला त्यांना परत पाठवायचं नव्हतं. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा अमेरिकेत. वर्षभरापूर्वी त्या त्रिशूरच्या घरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. देवदत्त आता इथला नागरिक, म्हणून त्याने तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला. ते मिळालं तर आई कायमची जवळ राहणार, नाही मिळालं तर तिने परत जायचं, त्या घरात एकटीने. आणि देवदत्त तिकडे तिच्याजवळ जाऊन राहील म्हणावं, तर त्रिशूरला तो पाऊल ठेवत नसे. लहानपणी त्याला शिकायला म्हणून विट्याला आजीकडे ठेवलं होतं. त्याच्या मनाने पक्कं धरलं होतं की आईला पार्टीची कामं करायला मोकळीक हवी होती, म्हणून आपल्याला आजीकडे टाकलं. हे तो बोलत नसे. चैत्रालीने मला सांगितलं होतं. वडील गेले तेव्हासुद्धा तो फक्त विट्याला आला, अस्थी तिथे आणल्या होत्या, आणि तिथूनच परत फिरला होता.

अर्जात एक प्रश्न असतो. तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? आपल्यातली माणसं हा प्रश्न हसत हसत 'नाही' करून पुढे जातात. अक्कांना तसं पुढे जाता येत नव्हतं. म्हणून देवदत्त त्यांना वकिलीणबाईंकडे घेऊन गेला, आणि बरोबर मला.

वकिलीणबाई चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. केस पांढरे, आवाज मऊ. अक्कांच्या खुर्चीवर त्यांनी स्वतः उशी आणून ठेवली. मग, एखाद्याला जुन्या आजाराबद्दल विचारावं तसं, हळूच विचारलं, "तुमच्याकडे रात्री-अपरात्री दार वाजायचं का?"

मी मराठीत विचारलं. अक्का म्हणाल्या, "वाजायचं की. कुणाला दवाखान्यात न्यायला गाडी पाहिजे, कुणाच्या पोराला कॉलेजात जागा पाहिजे, कुणाचा नवरा पिऊन गटारात पडलेला. मी सेक्रेटरी, मग दार माझंच वाजणार."

बाईंनी लिहायला उचललेलं पेन तसंच राहिलं. "सरकारविरुद्ध बोलायला भीती वाटायची?"

"आमचं सरकार असलं की समोरचे मोर्चा काढायचे. त्यांचं असलं की आम्ही. बोलल्याबिगर केरळात माणूस जेवत न्हाई."

"त्यांचं असलं की, म्हणजे?"

"म्हंजे आम्ही पडलो की. दर पाच वर्षांनी लोक बदलायचे. एकदा ह्यांना, एकदा त्यांना. परवा लागोपाठ दुसऱ्यांदा आमचंच आलं तर आमालाच धक्का बसला."

वकिलीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझंच काहीतरी चुकलं असणार असं त्यांना वाटलं. त्यांनी मला पुन्हा विचारायला लावलं: कम्युनिस्ट सरकार निवडणूक हरलं आणि त्यांनी सत्ता सोडली? मी पुन्हा विचारलं. अक्का म्हणाल्या, "मग काय खुर्ची उचलून घरी न्यायची?"

बाई हसल्या नाहीत. त्या खरोखर थक्क झाल्या होत्या. म्हणाल्या, "आम्ही लहान असताना शाळेत आम्हाला बाकाखाली लपायला शिकवायचे. कम्युनिस्टांचा बॉम्ब पडला तर काय करायचं, म्हणून. मी खूप घाबरायची." अक्कांनी टेबलावरून हात पुढे करून त्यांच्या हातावर थोपटलं. "बाकाखाली बसून बॉम्बापासून काय वाचणार बाई," म्हणाल्या, "पर लेकराला घाबरवू नये असं."

असं बोलणं तासभर चाललं. मी इकडचं तिकडे करत होते आणि मलाच नवल वाटत होतं. कारण खोटं कशाला बोलू, मलाही काही माहीत नव्हतं. नागपुरात आमच्याकडे केरळ म्हणजे नर्सबाई आणि केळ्याचे वेफर्स. अक्का सांगत होत्या की गावागावात वाचनालय, दुपारी रिक्षावालेसुद्धा तिथे पेपर घेऊन बसतात आणि एकमेकांच्या उरावर बसल्यासारखे भांडतात. सरकारी दवाखान्यात गेलं तर डॉक्टर खुर्चीवर सापडतो. हे त्या अगदी सहज सांगत होत्या, जसं आपण म्हणतो की नळाला पाणी येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे गल्लीतली माणसं पाळीने जातात, आंघोळ घालतात, जखमा धुतात. त्यांचा खुबा मोडला तेव्हा तीन महिने त्यांच्याकडेही आल्या होत्या बायका.

"नात्यातल्या?" मी मध्येच माझा प्रश्न घुसडला. दुभाष्याने तसं करायचं नसतं.

"न्हाई गं. त्यातली एक तर समोरच्या पार्टीची. माझं अंग पुसता पुसता आमच्या मुख्यमंत्र्याला शिव्या घालायची. मला उठता येत न्हवतं, मग ऐकून घ्यायला लागायचं."

मी नेपरव्हिलमध्ये बारा वर्षं राहते. माझ्या डाव्या बाजूच्या घरातल्या बाईचं आडनाव मला माहीत नाही. मी घरात पडले तर तिला कधी कळेल, असं माझ्या मनात आलं आणि मी तो विचार बाजूला सारला, कारण बाईंनी पुढचा प्रश्न विचारला होता.

सगळं गोड होतं असंही अक्का म्हणाल्या नाहीत. हरताळ पुकारला की भाजीवाल्याची भाजी सडायची. कारखाने एकेक करून बंद पडले, गावची पोरं आखातात गेली. कन्नूरकडे तर राजकारणापायी दोन्ही बाजूंनी माणसं मारली, तेव्हा त्या मीटिंगमध्ये उठून बोलल्या होत्या. "आणि पार्टीतबी पोट सुटलेले लई झाले आता." वकिलीणबाईंनी हे मात्र भराभर लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी देवदत्तला कायदा समजावून सांगितला. सभासद असल्याचं लपवायचं नाही, ते लपवलं तर सगळंच संपेल. पण माणूस पक्षात सक्तीने गेला असेल, नोकरीसाठी, रेशनसाठी, जगण्यासाठी, तर कायदा ते समजून घेतो. नाहीतर मग पक्ष सोडून दोन वर्षं झालेली हवीत. ती झालेली नव्हती. आणि तेही नसेल तर नागरिकाची आई म्हणून दयेचा अर्ज करायचा, तो मान्य करायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. "पण तिथवर जायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईला दुसरा पर्याय नव्हता, हे उघडच आहे. अशा ठिकाणी कुणालाच नसतो."

तासभर ऐकून बाईंनी हे काढलं. त्या खोटं बोलायला सांगत नव्हत्या. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

"हो," देवदत्त लगेच म्हणाला. "पर्याय नव्हता तिला."

हे मी अक्कांना मराठीत सांगितलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात तयारी झाली. मी अधिकारी, अक्का अक्का. चैत्राली पोळ्या लाटत होती. मी विचारायची, "पक्षात का गेलात?" आणि अक्का पोळ्यांकडे बघायच्या.

"आई, तुला सांगितलंय ना," देवदत्त म्हणाला. "रेशन कार्डासाठी. तिथे सगळेच असतात, नसलं तर त्रास होतो. एवढंच."

"रेशन कार्ड तर तुझ्या बाबाकडं आधीच हुतं."

"त्यांना काय माहीत?"

"मला माहीत हाय की."

देवदत्तने हातातला कप ठेवला. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणाला, "आयुष्यभर पार्टीसाठी बोललीस. माझ्यासाठी एक वाक्य बोल. एकच मागतोय."

चैत्रालीचं लाटणं थांबलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. अक्कांनी टेबलावरचा पिठाचा डाग बोटाने पुसला. मग म्हणाल्या, "बोलते."

मग त्यांनी ते वाक्य पाठ केलं. पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. मी मान हलवत होते, आणि मनात स्वतःला समजावत होते की हे काही भाषांतर नव्हे, ही तयारी आहे, यात माझा नियम मोडत नाही. पटत मात्र नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी शिकागोत बर्फ पडून गेलं होतं आणि वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. अक्कांनी साडीवर देवदत्तचा जुना कोट घातला होता, पायात अनिकाच्या शाळेतल्या कुणाच्या तरी आजीने दिलेले बूट. खोली लहानशी होती. अधिकारी पन्नाशीचा असेल, सर्दीने नाक लाल झालेलं, जवळ टिश्यूचं खोकं. वाईट वाटला नाही. आम्ही चौघं बसलो: अक्का, त्यांच्या बाजूला मी, पलीकडे देवदत्त, मागे वकिलीणबाई.

"उभं राहून उजवा हात वर करा," अधिकारी म्हणाला. आधी मला दुभाषी म्हणून शपथ दिली, जसंच्या तसं सांगेन म्हणून. मग अक्कांची पाळी.

मी मराठीत सांगितलं. अक्का उठल्या, खुबा सावरत ताठ उभ्या राहिल्या, आणि त्यांनी उजवा हात वर केला. मूठ आवळून.

तीस वर्षं झेंड्याखाली हात वर केला की मूठच वळलेली. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. चेहरा अगदी गंभीर, शपथ घ्यायला तयार. मी हळूच त्यांच्या मुठीला हात लावला आणि पुटपुटले, "अक्का, बोटं उघडा." त्यांनी हाताकडे पाहिलं. बोटं उघडली. शपथ पार पडली.

आम्ही बसलो. अधिकाऱ्याने नाक पुसलं, आणि समोरच्या कागदांकडे न बघता विचारलं, "तो हात तसा का होता?"

मी विचारलं. अक्कांनी मुलाकडे पाहिलं. मग आपला हात मांडीवर ठेवून त्याकडे पाहत म्हणाल्या, "सवय हाय साहेब. पार्टीत आम्ही तसा करतो."

"पक्षात तुम्ही का गेलात?"

आता ते वाक्य यायचं होतं. देवदत्त पुढे झुकला. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "हाताला खोटं बोलायला जमलं न्हाई बघ. आता तोंडानं कसं बोलू?"

नियमाने मी याचंही भाषांतर करायला हवं होतं. केलं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मग खरं सांगा," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी धमकावलं होतं का?"

"एकानं धमकावलं हुतं. माझ्या नवऱ्यानं. पार्टीच्या मीटिंगला गेलीस तर तंगडं मोडीन म्हणाला. त्याचं गिऱ्हाईक सगळं सराफ, त्यांना चालायचं न्हाई."

दुभाष्याने 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नसतं. 'मी' असंच म्हणायचं असतं. म्हणून पुढचं सगळं मी माझ्याच तोंडाने 'मी' म्हणत बोलले. माझा नवरा, माझं लेकरू, माझा हात. असं मी शेकडो वेळा केलंय, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र माझा आवाज मलाच ओळखू येईना.

अक्का सांगत होत्या. लग्न करून आले तेव्हा चौथी शिकलेली होते, मराठी वाचता यायचं. त्रिशूरला उतरले आणि एका दिवसात अडाणी झाले. पाट्या मल्याळीत, बोलणं मल्याळीत. खाली नवऱ्याची भट्टी, वर एक खोली, तेजाबाचा वास. बोलायला माणूस नाही. नवरा सोन्याच्या कामाला मदुराईला गेलेला, आणि देवदत्त दोन-अडीच वर्षांचा, तापाने फणफणलेला, डोळे फिरवायला लागला. त्याला कडेवर घेतलं आणि मोठ्या दवाखान्याला जायचं म्हणून बसमध्ये चढले. पाटी वाचता येत नव्हती. कुणाला विचारावं तर भाषा नाही. गर्दी चढली म्हणून मी चढले. बस गाव सोडून भलतीकडेच निघाली. मला कळलं तेव्हा शेवटचा थांबा आला होता, आणि पोर अंगावर ताठ झालं होतं.

देवदत्तने मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तिथं एक बाई हुती. कार्त्यायनी चेची. चेची म्हंजे अक्काच. कौलांच्या कारखान्यात कामाला, अंगावर सगळी लाल माती. तिनं माझ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं, काही इचारलं न्हाई. माझ्या कडेवरनं पोर काढून घेतलं आणि पळत सुटली. मी मागं. मला वाटलं पोर पळवलं हिनं. मी ओरडत पळतीया मराठीत. ती थेट गावच्या सरकारी दवाखान्यात शिरली. आणि डॉक्टर हुता साहेब. खुर्चीत बसलेला हुता. संध्याकाळची वेळ, आडगाव, आणि डॉक्टर जागेवर. त्यानं पोराला वाचवलं."

मी हे इंग्रजीत म्हणाले, 'आणि डॉक्टर जागेवर होता.' एवढं साधं वाक्य. आपल्याला आयुष्यात आणखी काय हवं असतं हो.

"मग चेची दर रविवारी बस पकडून माझ्याकडं यायची. पाटी-पेन्सिल घिऊन. म्हणायची, तुला बसची पाटी वाचता येईस्तवर मी येणार. मी शिकले. मग तिनं मला बरुबर घेतलं, दुसऱ्या बायकांना शिकवायला. कामावरनं येणाऱ्या, पोटुशी, म्हाताऱ्या. पुढं सरकारनंच सगळ्या राज्यात वर्ग काढले, तवा तर घराघरात दिवा आणि त्याखाली बायका. साठ-सत्तर वर्षांच्या आज्ज्या, साहेब, आपलं नाव लिहायच्या आणि त्याच्याकडं बघत बसायच्या. मी कुठं कायबी मोठं केलं न्हाई. पर ते मी बघितलं. चेची पार्टीत हुती, म्हणून मी गेले. तांदूळ मिळाला न्हाई, उलट वर्गणी माझ्याकडनंच घ्यायचे. कुणी सक्ती केली न्हाई. राजीखुशीनं गेले."

मी म्हणाले, मला कुणी सक्ती केली नाही. मी माझ्या राजीखुशीने गेले. मला, खरं सांगते, देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं झालं होतं, आणि समोर होत्या जुना कोट घातलेल्या एक कम्युनिस्ट बाई.

आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की सक्तीने गेले म्हणायचा पहिला रस्ता आता बंद झाला. बंद करणारे शब्द माझेच होते.

अधिकाऱ्याने देवदत्तकडे पाहिलं, बहुधा हा तो मुलगा म्हणून. मग त्याने वकिलीणबाईंशी थोडं बोलून घेतलं. त्यांनी दयेच्या अर्जाचं सांगितलं. तो म्हणाला, करा अर्ज, मी आज काही ठरवू शकत नाही, निर्णय पोस्टाने कळेल. पण एक गोष्ट नोंदवायची आहे. आणि अक्कांना विचारलं, "तुम्ही अजून सभासद आहात. इथे राहायचं असेल तर तुम्ही पक्ष सोडाल का? त्याने फरक पडेल."

मी मराठीत विचारलं. अक्कांनी या वेळी वेळ लावला नाही.

"सोडते," म्हणाल्या. "लिहा. ह्यानं लहानपणी एकदा मला विचारलं हुतं, मी का पार्टी मोठी. विट्याला, आज्जीच्या दारात. बसची वेळ झालेली, मी उत्तर दिलं न्हाई. आज देते. सोडते मी."

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात देवदत्त म्हणाला, "शुभाताई, थांबा. ते सांगू नका."

"मला सांगावं लागेल," मी म्हटलं. "शपथ घेतली आहे."

"मग हेही सांगा. तिने सोडलेलं मला नकोय."

मी दोन्ही सांगितलं. आई म्हणते सोडते. मुलगा म्हणतो, त्याला ते नको. वकिलीणबाईंनी कपाळाला हात लावला. अधिकारी आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मी दोन्ही लिहितो," आणि लिहायला लागला.

अक्का मुलाकडे वळल्या. घाबरल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. "अरं येड्या, काय बोललास हे? आता न्हाई म्हणतील. मला परत जावं लागंल."

"जा," देवदत्त म्हणाला. तो रडत होता आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. "त्यांनी राहू दिलं तर राहा. नाही दिलं तर जा. मी येईन तिकडे, आई. मी येईन तुझ्याकडे."

अक्कांनी त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

अधिकाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय बोलले, असं त्याला विचारायचं होतं. मी अक्कांना विचारलं, "हे सांगू?"

"नको," त्या म्हणाल्या. "ह्ये आमच्या घरातलं हाय."

मी अधिकाऱ्याला म्हटलं, "घरगुती आहे." शपथ घेतलेली होती, नियम माझाच होता. तरी 'मी येईन तुझ्याकडे' हे मी इंग्रजीत केलं नाही.